फोटो काढणं आणि कर्ज काढणं

मराठीत फोटो काढतात. हिंदी तो खेचते, इंग्रजी घेते. आपण मात्र काढतो. विहिरीतून पाणी काढावं, पायातला काटा काढावा, तसा समोरच्या दृश्यातून फोटो काढायचा. याच क्रियापदानं आपण कुणाची आठवण काढतो आणि याच क्रियापदानं कर्जही काढतो. शब्दांच्या अशा जुळणीवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण पंचवीस-तीस वर्षं पुण्यात हौसेनं फोटो काढत फिरल्यावर मला वाटायला लागलंय की या तीन काढण्यांचं एकमेकांशी नातं आहे. फोटो काढला की आठवणीची सोय होते आणि त्याच क्षणी आपण कुणाचं तरी थोडं देणं लागतो. आठवणीबद्दल आपण खूप बोलतो. देण्याबद्दल फारसं बोलत नाही.

तुमच्या फोनच्या गॅलरीत आत्ता किती फोटो आहेत? पाच हजार? वीस हजार? त्यातले स्क्रीनशॉट आणि गुड मॉर्निंगची फुलं सोडून द्या. उरलेल्या फोटोंत जी माणसं आहेत, त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे की ती तुमच्या खिशात आहेत? त्यातल्या कितींना तो फोटो तुम्ही दाखवलात? कितींना दिलात?

प्रश्न एवढाच आहे: हौशी फोटोग्राफर, म्हणजे फोन असलेला आपल्यापैकी प्रत्येक जण, आपल्या फोटोतल्या माणसांचं काही देणं लागतो का? लागत असेल, तर ते फेडायचं कसं?

हौशी मामाचा कायदा

'हौशी' हा शब्द आपल्याकडे प्रेमानं वापरतात. हौशी रंगभूमी, हौशी गायक, हौशी मामा. पैशासाठी न करता आवडीसाठी करतो तो हौशी. त्यामुळे त्याच्याकडून कुणी हिशेब मागत नाही. व्यावसायिक फोटोग्राफरचा हिशेब ठरलेला असतो: तारीख, ॲडव्हान्स, किती फोटो, अल्बम कधी. हौशी माणसाचा काही करारच नसतो.

यात एक गंमत आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा. बाकी वेळी साधारणपणे फोटो काढणाराच मालक. म्हणजे लग्नात बोलावलेल्या फोटोग्राफरनं काढलेले फोटो आपले. पण त्याच लग्नात हौशी मामानं मांडवभर फिरून फुकट काढलेले फोटो कायद्यानं मामाचे. मामा जेवताना तोंडात जिलबी कोंबलेल्या मावशीचा फोटो काढतो, तोही मामाचाच.

खासगीपणाचं काय? सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सांगितलं. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेला डेटा त्या कायद्यातून वगळलेला आहे. ते एका परीनं बरोबरच आहे. आईनं मुलाचा फोटो काढताना फॉर्म भरावा अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण याचा अर्थ असा की कायदा बराचसा आपल्या उंबऱ्याबाहेर थांबतो. उंबऱ्याच्या आत कसं वागायचं ते आपल्यालाच ठरवायचं आहे. म्हणूनच हा प्रश्न वकिलाचा नाही, आपला आहे.

बारा फोटोंचं वर्ष

आमच्या घरी ॲग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. बडोद्याला तयार व्हायचा तो. काळा, ठोकळ्यासारखा, आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. गणपतीत घातलेला रोल दिवाळीनंतर संपायचा. मग तो स्टुडिओत धुवायला टाकायचा आणि चार दिवस वाट बघायची. बारापैकी दोन हललेले, एकात बाबांचं बोट, एक पूर्ण काळा. उरलेले आठ म्हणजे आमचं वर्ष.

फोटो इतके महाग असले की चोरून निघत नाहीत. "चला, फोटो" असं बाबा म्हणाले की आजी पदर सारखा करायची, आजोबा टोपी शोधायचे, शेजारच्या काकू ओले हात पदराला पुसत यायच्या. सगळे ओळीत उभे राहायचे आणि श्वास धरायचे. तो श्वास धरणं म्हणजे होकार होता. फोटो निघतोय हे प्रत्येकाला माहीत असायचं. आणि फोटो निघाल्यावर काकू हमखास म्हणायच्या, "एक कॉपी आम्हाला द्या हं." बाबा निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे: काकू १, आत्या २. कॉपी पोचली की व्यवहार पूर्ण. काढलेलं कर्ज फिटलं.

इथं थांबलो तर हा लेख 'गेले ते दिवस' या खात्यात जमा होईल. पण ते दिवस इतके स्वच्छ नव्हते. त्या ओळीत सुनेला कुठे उभं राहायचं ते ती ठरवत नसे. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना "चला, फोटो" कुणी म्हणत नसे. आणि त्याच काळात लग्नाच्या मुलीला साडी नेसवून, स्टुडिओत कागदी पडद्यासमोर बसवून 'स्थळासाठी' फोटो काढला जाई. तो पोस्टानं अनोळखी घरी जाई. तिथं तो कुणाकुणाच्या हातातून फिरला, कुणी काय शेरा मारला, परत आला की नाही, हे त्या मुलीला कधी कळत नसे. आजच्या प्रोफाइल फोटोचं स्क्रीनशॉट घेऊन ग्रुपवर टाकणं ही नवी गोष्ट नाही. तेव्हा त्याला पोस्टाचं तिकीट लागायचं, एवढाच फरक.

म्हणून जुन्या काळाकडून शिकायचं ते एवढंच: दिलेली कॉपी. बाकीच्या गोष्टी तेव्हाही चुकतच होत्या.

वाड्याचा फोटो आणि वाड्यातला नळ

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ मध्ये घडवला, आणि तो रोगाचं नाव म्हणून. घरापासून दूर गेलेल्या माणसांना घराच्या ओढीनं जे आजारपण यायचं, त्याचं हे नाव. मराठीनं त्याला 'स्मरणरंजन' असा प्रतिशब्द दिला. मला हा शब्द मूळ शब्दापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात 'रंजन' आहे. आठवण काढताना आपण स्वतःची करमणूक करतोय, हे तो शब्द लपवत नाही.

पुण्यात ही करमणूक मुबलक आहे. कसबा, शनिवार, सदाशिव पेठेतल्या उरल्यासुरल्या वाड्यांचे फोटो मीही पुष्कळ काढलेत. लाकडी खांब, दिंडी दरवाजा, चौकातली तुळस, जिन्यात पडलेली तिरपी उन्हं. ब्लॅक अँड व्हाइट केलं की हे सगळं फारच सुंदर दिसतं. खाली शे-दोनशे लोक लिहितात, "खरं पुणं हेच."

एकदा असा एक फोटो मी एका आजींना दाखवला. त्यांचं सगळं लग्नानंतरचं आयुष्य तशाच एका वाड्यात दीड खोलीत गेलं होतं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "यात संडास कुठे दिसतोय?" मग त्यांनी सांगितलं: सगळ्या बिऱ्हाडांना मिळून मागच्या बाजूला दोन. पहाटे चारला उठायचं, कारण नंतर रांग. नळाला पाणी दोन तास, त्यावरून भांडणं. बाळंतीण असो की ताप असो, बादली घेऊन तो जिना चढायचा. "तुमचा हा जिना," त्या म्हणाल्या, "फोटोत छान आहे हो."

वाडा पाडून फ्लॅट मिळावा म्हणून बायका किती वर्षं वाट बघत होत्या, हे कुठल्याही फोटोत येत नाही. याचा अर्थ वाड्याचे फोटो काढू नयेत असा नाही. लाकडावरची ती उन्हं खोटी नव्हती. पण जिथं आपण राहिलो नाही, तिथली आठवण काढताना आपण दुसऱ्याच्या आयुष्यावर आपलं रंजन करत असतो. मग ज्यांचं ते आयुष्य, त्यांचं म्हणणं फोटोखाली दोन ओळींत लिहिणं, हे त्या कर्जावरचं व्याज समजायला हरकत नाही.

आणि फोटो नसले म्हणजे आठवण जाते, असंही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली घरं पाण्याखाली गेली. भांडी, कपडे, कागदपत्रांबरोबर भिंतीवरच्या तसबिरी आणि ट्रंकेतले फोटोही गेले. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर लग्नातल्या साडीचा काठ कसा होता तेही ती सांगतात. त्यांना दाखवायला काही नसतं, म्हणून ती सांगत बसतात. ज्यांच्याकडे दाखवायला वीस हजार फोटो आहेत, ती माणसं बहुतेक वेळा फक्त अंगठ्यानं वर सरकवत राहतात.

कापलेला खांदा

घरातलं कुणी गेलं की पहिल्या काही तासांत एक विचित्र धावपळ सुरू होते. चांगला फोटो हवा असतो. पेपरात निधनवार्ता द्यायची असते, दहाव्या-तेराव्याला हार घालायचा असतो. आणि मग लक्षात येतं की आजीचा एकटीचा फोटोच नाही. आधार कार्डावरचा आहे, पण तो लावायची कुणाची छाती होत नाही. मग कुणाच्या तरी मुंजीतला ग्रुप फोटो सापडतो. त्यातून आजी कापून मोठी करतात. मागचा मांडव पुसून निळा रंग भरतात. डाव्या कोपऱ्यात शेजारणीचा खांदा थोडासा राहतोच.

मुंजीत तो फोटो काढणाऱ्याला हे कुठे माहीत होतं? त्यानं बटूचा फोटो काढला होता. आजी कडेला होती. पण पुढची पन्नास वर्षं नातवंडं-पतवंडं आजीला त्याच चेहऱ्यानं ओळखणार. सत्तर-ऐंशी वर्षांचं माणूस शेवटी एका हौशी माणसाच्या एका क्लिकमध्ये उरतं. मला हौशी फोटोग्राफीतली सगळ्यात मोठी जबाबदारी हीच वाटते. आपला कुठला फोटो कुणाचा शेवटचा ठरेल ते आपल्याला काढताना कळत नाही. म्हणून कडेला उभ्या असलेल्या माणसाकडेही नीट बघून फोटो काढावा. वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येकाचा एकट्याचा, उजेडातला, त्याला स्वतःला आवडेल असा एक फोटो काढून ठेवावा. यात अभद्र काही नाही. आजी हसतात, "मेल्यावर लावायचाय ना?" म्हणतात, आणि मग छान साडी नेसून बसतात.

आता या फोटोचं पुढेही बरंच काही होऊ शकतं. २०२१ च्या फेब्रुवारीत मायहेरिटेज कंपनीनं 'डीप नॉस्टॅल्जिया' नावाची सोय आणली. जुना फोटो टाकला की त्यातलं माणूस मान वळवतं, पापण्या मिटतं, किंचित हसतं. त्यानंतरची साधनं तर बोलायलाही लावतात. अनेकांना ते पाहून रडू आलं, आणि त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. तरीही मला एक शंका आहे. फोटोतली आजी तशी बसली, कारण तिला तसं बसायचं होतं. ते तिचं होतं. नंतरचं हसू मशीननं दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावरून उसनं आणलंय. आपण तिच्याकडून घेतलेलं परत करायच्या ऐवजी तिच्या नावावर नवीन कर्ज काढतोय, आणि नको म्हणायला ती इथं नाही.

पालखी आणि भेगाळलेले पाय

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची आणि तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात मुक्कामाला असतात. एक भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, दुसरी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. ते दोन दिवस शहरातले सगळे हौशी फोटोग्राफर रस्त्यावर असतात, मीही असतो. तुळशी वृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया, भगवे पताके, फुगडी. आणि हमखास काढला जाणारा एक फोटो: पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या वारकरी माणसाचे भेगाळलेले, फोड आलेले पाय.

हा फोटो वाईट नाही. पण एकाच म्हाताऱ्या बाईभोवती पाच-सहा लेन्स वाकलेल्या मी पाहिल्यात, आणि त्या पाच-सहा जणांत एकही जण तिला "आजी, कुठून आलात?" असं विचारत नाही, तेव्हा कुठेतरी काहीतरी चुकतंय हे कळायला तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही.

याचं टोक इतिहासात आहे. विलोबी वॉलेस हूपर हा ब्रिटिश लष्करी अधिकारी हौशी फोटोग्राफर होता. १८७६ ते १८७८ च्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यानं उपासमारीनं हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीनं बसवून, उभं करून फोटो काढले. फोटो काढल्यावर या माणसांना अन्न दिलं का, असा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. पुढे १८८६ मध्ये मंडालेत गोळ्या घालून मृत्युदंड देताना त्यानं नेमका क्षण टिपायचा प्रयत्न केला, आणि त्यावरून त्याची चौकशी झाली. त्याला फोटोची हौस होती. हौस निष्पाप असते असं आपण धरून चालतो, त्याला हे उत्तर आहे.

त्याच फोटोंमुळे दुष्काळाची भीषणता जगाला कळली हेही खरं. त्यामुळे 'दुःखाचा फोटो काढू नये' असा सरसकट नियम करता येत नाही. प्रश्न काय काढलं यापेक्षा, काढून झाल्यावर आपण काय केलं हा आहे. वारीत मी एक साधी गोष्ट पाळतो: आधी कॅमेरा खाली, मग नमस्कार, मग दोन वाक्यं. त्यांनी मान हलवली तर फोटो. नाही म्हणाल्या तर नाही. खूप चांगले फोटो यात हुकतात. हुकू देत. पंढरपूरला निघालेलं माणूस माझ्या फोटोसाठी निघालेलं नसतं.

जो अजून नाही म्हणू शकत नाही

वारकरी आजी निदान मान हलवू शकतात. चार महिन्यांच्या बाळाचं काय?

अमेरिकन बँड निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड' या १९९१ च्या अल्बमचं मुखपृष्ठ तुम्ही टी-शर्टवर तरी पाहिलं असेल. पाण्याखाली नोटेच्या दिशेनं पोहणारं उघडं बाळ. ते बाळ, स्पेन्सर एल्डन, मोठं झालं आणि २०२१ मध्ये, तिशीत, त्यानं त्या फोटोवरून न्यायालयात दावा लावला. विशेष म्हणजे त्याआधी त्यानं स्वतःच तो फोटो मोठेपणी पुन्हा पुन्हा काढून घेतला होता. बऱ्याच लोकांनी त्याला ढोंगी म्हटलं. दाव्यातलं तथ्य न्यायालयानं बघायचं होतं आणि निकाल त्याच्या बाजूनं लागला नाही. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. माणसाचा होकार बदलतो. विसाव्या वर्षी जे मिरवावंसं वाटतं ते तिसाव्या वर्षी नकोसं होतं, आणि दोन्ही वेळा माणूस खरंच बोलत असतो.

आपल्याकडे बाळाच्या आंघोळीचे, रडण्याचे, शी-शूचे फोटो आणि रील्स रोज टाकले जातात. टाकणाऱ्यांचं प्रेम खरं असतं. पण हे बाळ बारा वर्षांनी शाळेच्या ग्रुपमध्ये असेल, आणि त्या ग्रुपमध्ये कुणीतरी ते रील शोधून काढेल. फोटो काढा, भरपूर काढा, प्रिंट काढून अल्बममध्ये लावा. सगळ्या जगाला दाखवायचं की नाही, हे ठरवायला त्याला मोठं होऊ द्या. उसन्या आणलेल्या वस्तूचं जे पथ्य, तेच इथंही: वापरा, पण दुसऱ्याला देऊन टाकू नका.

मग फोटोच काढायचे नाहीत का?

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, असं प्रत्येकाला विचारत बसलो तर एकही जिवंत फोटो मिळणार नाही. जगातले उत्तम फोटो न विचारता काढलेले आहेत. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला शिकागोतल्या एका बाईचं उदाहरण फार जड आहे.

व्हिव्हियन मायर मुलं सांभाळायचं काम करायची. सुट्टीच्या वेळात, मुलांना फिरवताना, रस्त्यावर फोटो काढायची. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह जमल्या. शेकडो रोल तिनं धुतलेही नव्हते. कुणाला फारसे दाखवलेही नाहीत. भाड्याच्या गोदामाचे पैसे थकले म्हणून २००७ मध्ये तिचं सामान लिलावात गेलं. २००९ मध्ये ती वारली, आणि त्यानंतर ते फोटो जगभर गाजले. तिनं रस्त्यातल्या लोकांना विचारलं नव्हतं. जगानं तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ती नाहीच म्हणाली असती, आणि विसाव्या शतकातल्या रस्त्यांचा एक खजिना कायमचा गेला असता.

मी या उदाहरणावर बराच विचार केलाय. मला वाटतं की कर्ज काढणं म्हणजे पाप नव्हे. घर बांधायला, शिकायला माणूस कर्ज काढतो आणि ते चांगलंच असतं. न विचारता काढलेला फोटोही चांगला असू शकतो. पण कर्ज काढलंय हे विसरणं वेगळं. मायरनं पन्नास-साठ वर्षांपूर्वी काढलेली माणसं आज फोटोत बघताना ती हास्यास्पद दिसत नाहीत. ती थकलेली, चिडलेली, कधी वेंधळी आहेत, पण बघणाऱ्याला त्यांच्याबद्दल उत्सुकता वाटते. तिनं माणसांकडून जे घेतलं ते निदान नीट सांभाळलं. तिचं स्वतःचं देणं मात्र आपल्या सगळ्यांवर आहे आणि ते आता फिटण्यासारखं नाही. काही कर्जं फिटत नाहीत. ती मान्य करून जगावं लागतं.

फेड

मग रोजच्या आयुष्यात हे फेडायचं कसं? माझ्याकडे मोठं तत्त्व नाही, चार सवयी आहेत.

पहिली, नीट बघणं. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात एक प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले, त्या लोकांना कमी आठवल्या. ज्या डोळ्यांनी बघितल्या, त्या जास्त. पण ज्यांना वस्तूचा एखादा भाग झूम करून फोटो काढायला सांगितला होता, त्यांची आठवण कमी झाली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. 'फोटो आहे ना' म्हणून बघायचं काम आपण त्याच्यावर सोपवतो, तिथं घोटाळा होतो. समोरच्या माणसाला आपण निदान आपलं लक्ष तरी द्यावं.

दुसरी, मागितलं की पुसणं. मैत्रीण म्हणाली, "तो फोटो काढून टाक," की का म्हणून विचारू नये. नातं संपलं असेल तर जास्तच. तो फोटो तुम्हाला सुंदर वाटतो, ही तुमची बाजू झाली. चेहरा तिचा आहे.

तिसरी, जो नेहमी कॅमेऱ्यामागे असतो त्याला पुढे बोलावणं. आमच्या क्लिक थ्रीच्या फोटोंत बाबा जवळजवळ नाहीतच. एकात त्यांचं बोट आहे. आणि आई ज्या फोटोंत आहे, त्यांतल्या बहुतेकांत ती वाढतेय.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, कॉपी देणं. मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींचा मी फोटो काढला होता. मेथीच्या जुड्यांमागे बसून त्या कुणाला तरी रागावत होत्या. पुढच्या आठवड्यात प्रिंट नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, "एवढी म्हातारी दिसते व्हय मी?" म्हणाल्या, आणि तराजूखालच्या पिशवीत ठेवली. पैसे विचारले. नको म्हटल्यावर कोथिंबीर दिली. दोन-तीन वर्षांनी त्या जागी त्यांचा मुलगा बसलेला दिसला. त्यानं मला ओळखलं. घरी तोच फोटो लावलाय, म्हणाला. दुसरा नव्हताच.

छोटी प्रिंट आजही थोड्या पैशांत, दहा मिनिटांत निघते. सोसायटीचे वॉचमन, कॉलेजच्या कँटीनचे काका, रोजच्या रिक्षा स्टँडवरचा म्हातारा ड्रायव्हर, तुमच्या स्ट्रीट फोटोंत असलेली ही माणसं तुम्हाला पुन्हा भेटतात. त्यांना कुठे शोधायचं ते तुम्हाला माहीत आहे. स्वतःचा, कार्डासाठी नसलेला फोटो त्यांतल्या कितींकडे असेल, हे एकदा विचारून बघा.

एक जून २०२१ पासून गुगल फोटोजनं फुकट अमर्याद जागा देणं बंद केलं. तेव्हापासून 'स्टोरेज फुल' असा निरोप आपल्याला अधूनमधून येतो आणि आपण वैतागून जुने फोटो पुसायला बसतो. पुढच्या वेळी तो निरोप आला की पुसायच्या आधी एवढं करा: ज्याचा फोटो असेल त्याला तो पाठवा. नंबर नसेल तर प्रिंट काढून नेऊन द्या. मग खुशाल पुसा.